सैनिकाचं हृदय

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना फिलाडेल्फिया शहरात टर्नर्स लेन नावाचं एक लष्करी इस्पितळ होतं. तिथे जेकब मेंडिस दा कोस्टा या डॉक्टरांकडे असे सैनिक यायचे, ज्यांच्या अंगावर कुठेही गोळीची खूण नसायची. तरणीबांड मुलं. काही महिने आघाडीवर काढलेली, मध्येच जुलाबाने किंवा तापाने अंथरूण धरलेली, बरं वाटल्यावर पलटणीत परतलेली. परतल्यावर मात्र ती कवायतीत बरोबरीच्यांच्या मागे पडायला लागायची. छातीत धडधड, धाप, डाव्या बाजूला दुखणं, डोकं गरगरणं. रात्रीसुद्धा धडधडीने जाग यायची. नाडी शंभराच्या वर, आणि आडवं केलं की बरीच खाली. बाकी माणूस बघायला धडधाकट. दा कोस्टांनी असे तीनशेहून जास्त सैनिक तपासले, त्यातल्या दोनशे जणांचे तक्ते केले आणि १८७१ मध्ये त्यावर एक दीर्घ निबंध छापला. या दुखण्याला त्यांनी ‘चिडकं हृदय’ असं नाव दिलं.

मी साताऱ्यात जनरल प्रॅक्टिस करते. आमच्या जिल्ह्यात गावोगाव फौजेतून आलेली माणसं आहेत, आणि अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्दच जोडलेला आहे. त्यामुळे दा कोस्टांनी वर्णन केलेला पेशंट मला चांगला ओळखीचा आहे. सीमेवर नोकरी करून आलेले एक निवृत्त हवालदार मला म्हणाले होते, “मॅडम, गोळीला कधी भ्यालो नाय. मग आता मोरीत अंगावर पाणी घेताना कशाला भ्यायचं?” आंघोळ करताना एकाएकी छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि आता आपण जाणार अशी खात्री झाली. घरच्यांनी रिक्षात घालून आणलं तोवर सगळं ओसरलं होतं. ईसीजी स्वच्छ. महिन्याभरात हेच तीनदा झालं, तिन्ही वेळा ईसीजी स्वच्छ. आज आम्ही याला पॅनिक अटॅक म्हणतो. हे निदान वैद्यकाच्या पुस्तकात स्वतंत्रपणे आलं ते १९८० साली. म्हणजे दा कोस्टांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी.

दा कोस्टांचे सगळेच सैनिक पॅनिकचे पेशंट होते असं मी म्हणणार नाही. जुलाबाने आणि टायफॉइडने खंगलेला माणूस चार पावलं चालला तरी धापा टाकतो, त्याला भीतीचं निदान चिकटवू नये. पण त्या तक्त्यांत काही माणसं अशी नक्की आहेत की ज्यांचं हृदय ठणठणीत होतं आणि तरीही ती रात्री धडधडीने जागी होत होती. दा कोस्टांनी त्यांना डिजिटॅलिस हे हृदयावरचं औषध दिलं, विश्रांती दिली, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यावर विश्वास ठेवला. तुम्ही लढाई टाळायला सोंग करताय, हे त्या काळातल्या लष्करी डॉक्टरच्या तोंडी सहज येणारं वाक्य होतं. दोनशे जणांचे तक्ते मांडून बसलेला माणूस सोंगाची भाषा बोलत नाही, आणि मला त्या निबंधातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

इंग्लंडमध्ये याच सुमारास वेगळाच तपास चालला होता. साउदॅम्प्टनजवळ नेटली इथे लष्करी वैद्यकाची शाळा होती. हिंदुस्थानात पलटणींबरोबर येणारे डॉक्टर तिथे शिकून यायचे. तिथल्या मॅक्लीन या प्राध्यापकांनी १८६७ मध्ये मांडलं की सैनिकांच्या हृदयाचा हा बिघाड पाठीवरच्या पिशवीमुळे आणि छातीवरून आवळलेल्या पट्ट्यांमुळे होतो. आर्थर मायर्स यांनी १८७० साली घट्ट कोट आणि गळ्याशी आवळलेली कॉलर यांच्यावर ठपका ठेवला. पट्टे बदलले, पिशवीची ठेवण बदलली. धडधड मात्र गेली नाही. छातीत होतंय ना, मग कारण छातीवरच असणार, या सरळ विचाराने कर्तबगार माणसं किती वर्षं एकाच जागी फिरत राहिली, हे बघण्यासारखं आहे.

फिलाडेल्फियात तो निबंध छापला जात होता त्याच काळात, १८७१-७२ मध्ये, बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल तीन पुरुषांबद्दल लिहीत होते. हे सैनिक नव्हते. शहरात राहणारी, कामधंदा करणारी साधी माणसं. त्यांना मोकळा चौक ओलांडता यायचा नाही. चौकाच्या कडेला आले की थरथर, धडधड, आता काहीतरी भयंकर होणार ही भावना. दुकानं बंद झाली, रस्ता ओस पडला की त्रास वाढायचा. सोबतीला कुणी असलं, नुसती हातात काठी असली किंवा शेजारून एखादी घोडागाडी चालत असली तरी जमायचं. घोटभर दारूनेही जमायचं. वेस्टफालनी हे बारकाईने टिपून ठेवलं. पण अमेरिकेतल्या सैनिकाची छाती आणि बर्लिनमधल्या माणसाचा चौक ही एकाच दुखण्याची दोन टोकं असू शकतात, हा विचार दोन्हीकडे कुणाला शिवला नाही. एकीकडे हृदयाचे डॉक्टर होते, दुसरीकडे मनाचे, आणि दोघांची इस्पितळं वेगळी होती. आपल्या जिल्ह्याच्या गावीही ती अजून बऱ्यापैकी वेगळीच आहेत.

१८९५ मध्ये फ्रॉइडने चिंतेच्या विकाराचं वर्णन वेगळं काढलं आणि झटक्यांची जी यादी दिली ती आजही जवळपास तशीच चालेल: हृदयाचे ठोके, श्वास, घाम, कंप, जुलाब, भोवळ. त्याची कारणमीमांसा मला पटत नाही, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. पण त्याच वर्षीच्या त्याच्या पुस्तकात आल्प्सच्या डोंगरातल्या एका मुलीची हकिकत आहे. ही मुलगी त्याला पर्यटकांच्या विश्रामगृहात जेवण वाढत होती. तो डॉक्टर आहे हे कळल्यावर ती स्वतःहून त्याच्याकडे आली आणि म्हणाली की माझा श्वास कोंडतो, छाती दडपते, आता मरणार असं वाटतं. डॉक्टरी बाजूला ठेवून सुट्टीवर आलेला तो माणूस तिच्याशी बोलत बसला. जे ऐकलं ते त्याने लिहून ठेवलं, म्हणून ती मुलगी आपल्यापर्यंत पोचली.

शरीरात नेमकं काय घडतं हे हळूहळू उलगडलं ते हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांच्यामुळे. क्ष-किरण तेव्हा नवे होते. मांजराच्या पोटाची हालचाल पडद्यावर बघताना कॅननना दिसलं की मांजर बिथरलं की पोट हलायचं थांबतं. पुढे त्यांनी मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणून त्याच्या रक्तातलं ॲड्रेनलिन तपासलं. १९१५ च्या त्यांच्या ग्रंथात हे सगळं एकत्र आलं. संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, घाम सुटतो. पॅनिक अटॅकमध्ये हेच सगळं होतं, फक्त समोर कुत्रा नसतो. जोंधळ्याच्या रानात माळ्यावर बसलेला राखणदार वाऱ्याने हललेलं कणीस बघून गोफण फिरवतो, तसंच हे. राखणदार निकामी झालेला नसतो, जरा जास्तच जागा असतो.

झटक्यात हातापायांना मुंग्या का येतात, याचंही उत्तर याच काळात मिळत गेलं. माणूस भराभर श्वास घेतो तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. कधी हाताची बोटं आखडून एकत्र येतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं. प्राणवायू कमी पडतोय असं पेशंटला वाटतं आणि तो आणखी जोरात श्वास ओढतो. खरं तर प्राणवायू भरपूर असतो. आखडलेली बोटं बघून घरच्यांना वाटतं लकवा मारला, आणि त्यांचा चेहरा बघून पेशंट आणखी घाबरतो. हे मी दवाखान्यात पुन्हा पुन्हा बघत आले आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यापुढे हाच प्रश्न मोठ्या संख्येने उभा राहिला. कागदपत्रांत त्याला ‘हृदयाचं बिघडलेलं काम’ असं मोघम नाव होतं. एखाद्या मुलाच्या छातीत निरुपद्रवी आवाज ऐकू आला तरी त्याच्यावर हृदयरोगाचा शिक्का बसायचा, मग महिनोन् महिने खाटेवर. १९१६ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागात आणि पुढच्या वर्षी कोल्चेस्टरला हलवलेल्या खास इस्पितळात हे सैनिक एकत्र आणले गेले. तिथला मुख्य कर्ता होता थॉमस लुइस, म्हणजे ईसीजी या तंत्राचा त्या काळातला सगळ्यात जाणता माणूस. हृदयाचे विद्युत आलेख वाचण्यात ज्याचा हात कुणी धरत नव्हता, त्यानेच सांगितलं की या मुलांचं हृदय खराब नाही. औषधं बंद करा, खाटेवरून उठवा, रोज थोडी थोडी वाढत जाणारी कवायत द्या. कुणाला किती झेपतं ते बघून गट पाडले गेले. कित्येक जण पुन्हा काही ना काही कामाला लागले. लुइसला हे भीतीचं दुखणं आहे असं वाटत नव्हतं. तो थकव्याच्या, जुन्या संसर्गाच्या बाजूने विचार करत होता. तरी त्याने केलेली गोष्ट बरोबर निघाली. धडधड होत असतानाही शरीर हलवत राहिलं तर धडधडीचा धाक कमी होतो, हे त्या मैदानावर सिद्ध झालं.

आराम करा, हलू नका, जिने चढू नका, हा सल्ला आपल्याकडे आजही पहिला दिला जातो. मायेपोटी दिला जातो हे मला कळतं. पण पॅनिकच्या पेशंटला तो घातक ठरतो. चार महिने न चाललेल्या माणसाला पायरी चढताना धाप लागणारच, आणि ती धापच पुढच्या झटक्याचं निमित्त होते.

याच महायुद्धातला एक सैनिक या गोष्टीत आडवाटेने पुन्हा येतो, आणि तो भाग मला फार प्रिय आहे. सिडनीची क्लेअर वीक्स ही १९०३ मध्ये जन्मलेली मुलगी प्राणिशास्त्रात अतिशय हुशार होती. सरडे-पालींच्या गर्भधारणेवर तिने मूलभूत काम केलं आणि तिच्या विद्यापीठात विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. ऐन विशीत तिला क्षय झाल्याचं चुकीचं निदान झालं आणि महिनोन् महिने सक्तीच्या विश्रांतीत काढावे लागले. उठली तेव्हा हृदय धडधडत होतं आणि ते थांबेना. पुढे शिष्यवृत्तीवर ती लंडनला गेली, तिथेही तेच. एकदा तिने हे आपल्या एका मित्राला सांगितलं. तो महायुद्धात खंदकात राहून आलेला होता. त्याने सहज सांगून टाकलं की खंदकात आमचंही असंच व्हायचं. तू हृदयाला घाबरतेस म्हणून ते धडधडतं, आणि धडधडतं म्हणून तू घाबरतेस. एवढ्या शिकलेल्या मुलीला हे आजवर एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं.

वीक्स पुढे चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टर झाली. १९६२ मध्ये तिने सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिलं आणि त्यात चार गोष्टी सांगितल्या: सामोरे जा, मान्य करा, तरंगत पुढे सरका, वेळ जाऊ द्या. तिने पहिली भीती आणि दुसरी भीती असा फरक केला. पहिली आपोआप उसळते, ती आपल्या हातात नसते. दुसरी आपण तिच्यावर चढवतो: अरे बापरे, आता काय होणार, लोक काय म्हणतील, मी मरतोय. पहिली लाट दोन-चार मिनिटांत कळसाला जाते आणि उतरते. दुसरी घालत राहिलो तर ती लांबते. त्या काळातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी या पुस्तकाला फारसं मोजलं नाही. वाचकांनी मात्र ते उचलून धरलं, आणि जगभरातून पत्रं आणि फोन तिच्याकडे येत राहिले. पेशंटला कळेल अशा शब्दांत लिहिणं हे कमी दर्जाचं काम आहे, हा समज आमच्या व्यवसायात तेव्हाही होता आणि आजही पुरता गेलेला नाही. मला त्याचा राग येतो.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या मिल हिल इस्पितळात दोन माणसं या दुखण्यावर काम करत होती. पॉल वुड हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४१ मध्ये व्याख्यानांतून स्पष्ट मांडलं की दा कोस्टांच्या या दुखण्याची लक्षणं हृदयातून येत नाहीत, ती भीतीतून येतात. दुसरे मॅक्सवेल जोन्स. त्यांच्या वॉर्डात शंभरेक सैनिक होते, सगळ्यांची तक्रार एकच. प्रत्येकाला वेगळं बसवून तेच तेच सांगण्यापेक्षा त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून शरीराचं काम कसं चालतं यावर व्याख्यानं सुरू केली. धडधड का होते, घाम का सुटतो, श्वास का अडकल्यासारखा वाटतो. थोड्याच दिवसांत असं झालं की वॉर्डात जुने झालेले सैनिक नव्याने आलेल्यांना हेच समजावून सांगायला लागले, आणि ते डॉक्टरच्या सांगण्याइतकंच लागू पडायला लागलं. पुढे जोन्स यांनी यातूनच पेशंटांनी एकमेकांना सावरण्याची सबंध पद्धत उभारली.

औषधांचा शोधही एका वॉर्डातल्याच निरीक्षणातून लागला. न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये १९५९ च्या सुमारास डॉनल्ड क्लाइन इमिप्रामीन हे नवं औषध वापरून बघत होते. ते औदासीन्यावरचं औषध होतं. भीतीचे झटके येणारे काही पेशंट तिथे होते. ते दिवसातून अनेकदा धावत नर्सच्या टेबलापाशी यायचे आणि मी मरतोय म्हणून सांगायचे. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले. पेशंट म्हणाला, काही फरक नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही फरक दिसेना. नर्स म्हणाल्या, फरक आहे, हा आता आमच्याकडे धावत येत नाही. क्लाइन यांचा मोठेपणा हा की त्यांनी नर्सचं ऐकलं. झटके थांबले होते. झटका येईल या धास्तीने बाहेर न पडणं मात्र तसंच राहिलं होतं. म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना वेगळे उपचार लागतात, हे त्यांनी १९६४ मध्ये मांडलं. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात पॅनिक डिसऑर्डर हे नाव आलं, ते यातूनच.

१९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी साखळीतला उरलेला दुवा जोडला. शरीरातली साधी संवेदना, मग तिचा भयंकर अर्थ, मग भीती, मग आणखी संवेदना. धडधड म्हणजे हार्ट अटॅक, गरगर म्हणजे आता कोसळणार, श्वास अडकला म्हणजे गुदमरणार. हा अर्थ बदलला की साखळी तुटते. त्यासाठी दवाखान्यात पेशंटला मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावून तेच लक्षण निर्माण करायचं आणि मग ते कशामुळे आलं हे त्याच्या डोळ्यांसमोर दाखवायचं. वीक्सला तिच्या मित्राने जे सांगितलं होतं तेच आता प्रयोगशाळेतून आलं होतं.

आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून पातंजल योगाच्या आधारावर चिंतेच्या रुग्णांसाठी उपचार बसवले. १९७३ च्या त्यांच्या निबंधात तुलनेसाठी एका गटाला वरवर तशीच दिसणारी आसनं आणि श्वसन दिलं होतं. मन एकाग्र करण्याच्या अभ्यासासह पूर्ण पद्धत करणाऱ्यांना जास्त गुण आला. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून श्वासाचं मोजमाप चालवलंच होतं. हे काम मराठी मुलखात झालेलं असून आमच्या शिक्षणात त्याचा उल्लेख ओझरताच होतो. ते जास्त ठळकपणे शिकवलं जायला हवं.

आता साताऱ्याचं सांगते. पॅनिकचा पेशंट माझ्याकडे पोचतो तोवर त्याच्यावर बरंच काही होऊन गेलेलं असतं. कुणीतरी जिभेखाली सॉर्बिट्रेट ही हृदयविकारावरची गोळी ठेवलेली असते. तिने रक्तदाब उतरतो, डोकं दुखतं, गरगर वाढते, आणि पेशंटला खात्री पटते की हृदयाचंच आहे. सलाइन लावलेलं असतं, त्यात पिवळं इंजेक्शन. दृष्ट काढलेली असते, अंगारा लावलेला असतो. अंगारा लावणाऱ्या म्हातारीवर मी रागावत नाही. ती निदान कपाळावर हात ठेवून जवळ बसते, आणि त्या दहा मिनिटांत लाट उतरतेच. अडचण पुढे येते. उतरण्याचं श्रेय सलाइनला, गोळीला किंवा अंगाऱ्याला जातं. आपलं आपण उतरलं हे पेशंटला कळतच नाही आणि पुढच्या वेळी तो त्याच दारी धावतो.

मी पहिल्यांदा ईसीजी काढतेच. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब बघते. चाळिशीच्या पुढचा माणूस असेल, मधुमेह असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घेरी येऊन पडला असेल, तर घरी बसून पॅनिक आहे म्हणायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. बायकांच्या छातीच्या दुखण्याला टेन्शन म्हणून बाजूला सारायची सवय तर फारच वाईट आहे. तपासण्या स्वच्छ आल्या की मग माझं खरं काम सुरू होतं. कागदावर हृदय, फुप्फुस आणि मेंदू काढते आणि कॅननचं मांजर सांगते. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण नसेल तर मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावते. हवालदारकाकांना मुंग्या आल्या, गरगरलं, आणि ते चकित होऊन म्हणाले, “हेच! अगदी हेच!” तोंडाला पिशवी लावायचा जुना उपाय मी सांगत नाही. खरोखरच हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असला तर तो जिवावर बेतू शकतो. श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवायचा, एवढंच सांगते. आणि झटका आला की पळायचं नाही, जिथे आहात तिथेच थांबायचं.

एक मुलगी पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जायची. खंबाटकीच्या बोगद्यात एसटी अडकली आणि तिला पहिला झटका आला. त्यानंतर तिने पुणं सोडलं, मग एसटी सोडली, मग घराबाहेर पडणं. वर्ष गेलं. तिला मी गोळ्या दिल्या आणि कवायतही दिली. आधी आईबरोबर पाचवडपर्यंत जाऊन यायचं. मग भुईंज. मग सुरूर फाट्यावर उतरून चहा पिऊन परत. मग एकटीने. धडधड होणारच, तिला होऊ द्यायचं आणि सीटवर बसून राहायचं. बोगदा पार करून शिरवळला उतरली त्या दिवशी तिने मला फोन केला. परीक्षेचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही.

गोळ्यांबद्दल मला मोकळेपणाने बोलायचं आहे. आज वापरतो ती एसएसआरआय जातीची औषधं चांगली आहेत, त्यांची सवय लागून माणूस नशेडी होत नाही, गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनानेच एकाएकी बंद करायची नसतात. अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या गोळीचं तसं नाही. ती झटपट लागू पडते आणि तितकीच पक्की चिकटते. ती चिठ्ठीशिवाय द्यायला कायद्याने बंदी आहे, आणि २०१४ पासून तिच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणंही सक्तीचं आहे. तरीही शेजारणीने दिलेली अर्धी गोळी रोज घेणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. ती हळूहळू, डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी करावी लागते.

निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की चिंता, औदासीन्य यांसारखे नेहमी आढळणारे मानसिक विकार असलेल्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही हे उघड आहे. पण या दुखण्याचं पहिलं दार मानसोपचारतज्ज्ञाचं नसतंच. ते आमचं, जनरल प्रॅक्टिशनरचं असतं, नाहीतर रात्रपाळीच्या सिस्टरचं. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवावा. आणि माझ्या व्यवसायातल्या मंडळींना एक विनंती आहे: ईसीजी स्वच्छ आला की ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं म्हणून पेशंटला परत पाठवू नका. त्याला झालंय ते काय आहे, हे दहा मिनिटं शेजारी बसून सांगा.